आतली राखण
डाळिंबाचा तेल्या आणि फळझाडांची प्रतिकार-व्यवस्था : प्रस्तावना

डाळिंबाच्या पानावर टाचणीच्या टोकाएवढा पाणीदार ठिपका पडतो. पान उजेडाकडे धरले की तो तेल लागल्यासारखा चमकतो. काही दिवसांत तो तपकिरी होतो, मग काळा पडतो आणि त्याच्याभोवती पिवळसर कडा उमटते. फळावरही तसेच डाग येतात, साल तडकते. खोडाच्या पेऱ्यावर काळे चट्टे पडले की फांदी नेमकी तिथेच मोडते. सांगोला, आटपाडी, पंढरपूर, इंदापूर, सटाणा, मालेगाव या पट्ट्यातल्या बागायतदाराला या रोगाची ओळख करून द्यावी लागत नाही. तो त्याला तेल्या म्हणतो.

तेल्याची नोंद भारतात प्रथम १९५२ साली दिल्लीत झाली. पुढे कित्येक वर्षे तो कागदोपत्रीच राहिला. महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीला अनुदान मिळू लागले आणि पाण्याअभावी ज्वारी-बाजरीपलीकडे फारसे काही न पिकणाऱ्या माळांवर डाळिंब उभे राहिले. कमी पाण्यात तग धरणारे, हलक्या मुरमाड जमिनीतही फळणारे आणि परदेशातही जाणारे हे झाड होते. दुष्काळी तालुक्यांत घरे बांधली गेली, मुले शिकली, ती या झाडाच्या जोरावर. आणि या शतकाच्या पहिल्या दशकात महाराष्ट्रात, तसेच उत्तर कर्नाटकातील बागलकोट, कोप्पळ, विजापूर भागांत तेल्याने बागाच्या बागा उठवल्या. कर्ज काढून लावलेली झाडे लोकांनी मुळासकट उपटून बांधावर जाळली. सोलापूरजवळ केगाव येथे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सुरू झाले ते याच काळात.

तेव्हापासून एकच प्रश्न विचारला गेला आहे, मारायचे काय? शेतकऱ्याने तो कृषी सेवा केंद्रात विचारला, अधिकाऱ्याने विद्यापीठात विचारला. प्रश्न चुकीचा नव्हता. पण त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न उभा आहे आणि मराठीत तो फारसा कोणी विचारलेला नाही. जिवाणू पानात शिरतो तेव्हा झाड स्वतः काय करते? आणि जे करते ते कधी करते, कधी थांबवते, का थांबवते? पुढच्या पानांचा विषय हाच आहे. या प्रश्नाचे उत्तर समजल्याशिवाय तेल्याचे कोडे सुटणार नाही, अशी माझी खात्री आहे. म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली तरी चालेल असे मी धरून चालतो.

सुरुवात शत्रूपासून करू. तेल्याचा जिवाणू म्हणजे झँथोमोनास अ‍ॅक्सोनोपोडिस, त्याचा डाळिंबावर जगणारा 'प्युनिसी' हा प्रकार. प्रयोगशाळेत वाढवला की त्याच्या वसाहती पिवळ्या दिसतात. कागदी लिंबावरचा खैऱ्या आणि भातावरचा जिवाणूजन्य करपा हे याच कुळातल्या जिवाणूंचे काम. त्याला पानाची साल फोडता येत नाही. तो पर्णरंध्रांतून शिरतो, नाहीतर छाटणीच्या, काट्याच्या, गारांच्या जखमेतून. पावसाच्या थेंबाबरोबर उडून तो शेजारच्या पानावर जातो, कात्रीच्या पात्यावरून शेजारच्या झाडावर, आणि रोगट बागेतल्या गुटी कलमाबरोबर टेम्पोत बसून शेजारच्या जिल्ह्यात.

झाडांना जिवाणूमुळे रोग होतो ही गोष्टच मुळात एका फळझाडावरून सिद्ध झाली. अमेरिकेतील इलिनॉय येथे टॉमस बरिल यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस नाशपातीच्या करप्यामागे जिवाणू असल्याचे दाखवले. त्यावर कित्येक वर्षे युरोपातल्या मोठ्या शास्त्रज्ञांचा विश्वास बसला नव्हता. जिवाणू आहे हे मान्य झाल्यावर तो कसा मारायचा याचा शोध सुरू झाला. झाड स्वतः लढते का, हा विचार गांभीर्याने व्हायला विसावे शतक बरेच पुढे सरकावे लागले.

झाडाला रक्त नाही. आपल्या शरीरात पांढऱ्या पेशी गस्त घालतात, प्रतिपिंडे तयार होतात, तसे झाडात काही नाही. त्याची प्रत्येक जिवंत पेशी स्वतःची राखण स्वतःच करते. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर काही ग्राही प्रथिने असतात. त्यांचे डोके बाहेर असते आणि शेपूट आत. जिवाणूंना बदलता न येणारे, सगळ्या जातीत जवळपास सारखे असलेले काही अंश ती ओळखतात. सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण जिवाणूच्या पोहण्याच्या तंतूचे आहे. हा तंतू फ्लॅजेलिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्यातला अवघ्या २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा पेशीला पुरतो. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात तो ओळखणारे एफएलएस-२ हे प्रथिन २००० साली बोलर यांच्या स्वित्झर्लंडमधील गटाने शोधले. त्याआधी १९९५ साली पामेला रोनाल्ड यांनी भातातील एक्सए-२१ हे जनुक वेगळे केले होते. एका रानटी आफ्रिकी भातातून आलेले हे जनुक झँथोमोनासच्याच एका प्रकाराला रोखते.

ओळख पटली की पेशीत मिनिटांच्या हिशोबाने घडामोडी सुरू होतात. बाहेरचे कॅल्शियम आत धावते. हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तिखट रसायने तयार होतात. किनेज प्रथिने एकामागून एक जागी होतात आणि निरोप केंद्रकापर्यंत जातो. शेकडो जनुकांचे काम बदलते. पेशीभित्तिकेच्या आतल्या बाजूला कॅलोज नावाच्या शर्करेचा थर चढतो. आणि पर्णरंध्रे मिटतात. ही शेवटची गोष्ट २००६ साली शेंग यांग हे यांच्या प्रयोगशाळेत मेलोट्टो आणि सहकाऱ्यांनी दाखवली. तोपर्यंत पर्णरंध्र म्हणजे जिवाणूसाठी उघडे पडलेले दार, अशीच समजूत होती. प्रत्यक्षात ते दार जिवाणूची चाहूल लागताच बंद होते. काही जिवाणूंनी मग ते परत उघडायला लावणारे विषही तयार केले आहे.

इतके सगळे असताना तेल्या होतोच कसा? कारण जिवाणूही तयारीने येतो. त्याच्या अंगावर सुईसारखी पोकळ नळी असते. तिच्यातून तो आपली प्रथिने थेट झाडाच्या पेशीत सोडतो आणि ती प्रथिने वर सांगितलेली साखळी मध्येच तोडतात. डाळिंबाच्या जिवाणूबाबत हे काम आपल्याच देशात झाले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत कल्याण मंडल आणि सहकाऱ्यांनी या जिवाणूतले झॉप-एन हे प्रथिन बनवणारे जनुक निकामी करून पाहिले. निकामी जनुकाचा जिवाणू डाळिंबाच्या पानात नीट वाढेना आणि पानाने भित्तिकेवर कॅलोजचा थर जास्त चढवला. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाचा अर्थ बागायतदाराने नीट ध्यानात घ्यावा असा आहे. डाळिंबाला लढता येत नाही असे नाही. त्याला लढू दिले जात नाही.

तेलकट डागाचे रहस्यही याच गोष्टीत आहे. पानाच्या आत पेशींमध्ये मोकळ्या जागा असतात, त्यांत हवा खेळते. जिवाणूला तिथे हवा नको, पाणी हवे. शेंग यांग हे यांच्याच गटाने २०१६ साली दुसऱ्या एका जिवाणूवर दाखवून दिले की हवेत भरपूर आर्द्रता असेल तर जिवाणूची काही प्रथिने या मोकळ्या जागा पाण्याने भरून टाकतात आणि त्या पाण्यात त्याची वाढ जोमाने होते. हवा जाऊन पाणी आले की पानाचा तेवढा भाग पारदर्शक दिसू लागतो. आपण ज्याला तेल्या म्हणून ओळखतो ती पहिली खूण म्हणजे जिवाणूने पानाच्या आत स्वतःसाठी भरून घेतलेले पाणी. सोलापूरसारख्या कोरड्या हवेच्या जिल्ह्यात हा रोग पावसाच्या आणि ढगाळ दिवसांतच का उसळतो, याचे बरेचसे उत्तर इथे मिळते.

झाडाची दुसरी फळी पेशीच्या आत असते. जिवाणूने सोडलेले प्रथिन किंवा त्याने केलेली मोडतोड ओळखणारी प्रथिने तिथे वाट पाहत असतात. हॅरोल्ड फ्लॉर यांनी अमेरिकेत नॉर्थ डकोटात जवसाच्या तांबेऱ्यावर १९४०च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून हा विचार पुढे आला. रोगकारकातल्या एका जनुकाला झाडातले एक जनुक उत्तर देते, असा तो विचार. असे जे जनुक अगदी पहिल्यांदा हाती लागले त्यांतले एक टोमॅटोचे आहे. प्टो नावाचे हे जनुक १९९३ साली रानटी टोमॅटोतून आलेल्या वाणात सापडले. ही फळी जागी झाली की बाधित पेशी स्वतःला मारून घेते. पेटलेल्या गंजीभोवतालचे गवत कापून आग अडवावी तसे ते आहे. पानावर एक बारीक सुका ठिपका राहतो आणि रोग तिथेच संपतो.

हा प्रतिकार जबर असतो, पण त्याचा पाया अरुंद असतो. सफरचंदाच्या एका रानटी संकरातले असेच जनुक युरोपात 'गाला' या लोकप्रिय वाणात घालण्यात आले आणि करपा रोखला गेला. मात्र जिवाणूच्या एका प्रथिनात एकाच अमिनो आम्लाचा बदल झाला तरी हे जनुक त्याला ओळखत नाही, हेही दिसून आले. भाताच्या नव्या वाणाला काही वर्षांत बदली वाण देता येतो. फळबाग एकदा लावली की वीस वर्षे जमिनीत उभी राहते. जिवाणूच्या तेवढ्या काळात अगणित पिढ्या होतात. म्हणून फळझाडांसाठी एका जनुकावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. सतत सज्ज राहणे झाडाला परवडत नाही. संरक्षणाची रसायने, नवी प्रथिने, कॅलोजचे थर हे सारे त्याच साखरेतून आणि नत्रातून बनते ज्यातून फांदी, फूल आणि फळ बनते. ज्या रोपांत ही यंत्रणा कायम चालू ठेवली जाते ती खुजी राहतात, पाने आपोआप करपतात, बी धरत नाही. दोन निरोगी वाणांच्या संकरातून जन्मलेले रोप कोणताही रोग नसताना सुकून जाते, असेही कधी कधी घडते. बापाकडून आलेले संरक्षक प्रथिन आईकडून आलेल्या प्रथिनालाच शत्रू समजते. म्हणून झाडात प्रतिकार चालू करणाऱ्या यंत्रणेइतकीच तो आवरणारी यंत्रणाही काटेकोर असते. फ्लॅजेलिन ओळखणारे ग्राही प्रथिन काम झाले की पेशी आत ओढून घेते आणि मोडून टाकते. निरोप पोहोचवणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण सतत जोखले जाते. जनुकाचा निरोप लिहून तयार असतो, पण हल्ला झाल्याशिवाय त्यातून प्रथिन बनू दिले जात नाही. शिन्नियान डाँग यांच्या गटाने २०१७ साली ही शेवटची युक्ती भातात वापरली. संरक्षणाचे एक महत्त्वाचे प्रथिन फक्त हल्ल्याच्या वेळीच बनेल अशी तजवीज त्यांनी केली. झँथोमोनासचा करपा रोखला गेला आणि शेतातल्या उत्पादनालाही तोशीस लागली नाही. पुढच्या पंचवीस वर्षांत फळझाडांवरचे काम याच दिशेने जावे असे मला वाटते.

झाडाचा प्रतिकार हवामानावरही हलतो. सॅलिसिलिक आम्ल हे झाडाचे संरक्षणाचे प्रमुख संप्रेरक आहे. तापमान २८ अंशांवर गेले की अरॅबिडॉप्सिसमध्ये ते बनवणारी साखळी मंदावते आणि तिला जबाबदार असलेला दुवा कोणता, हे २०२२ साली दाखवले गेले. अरॅबिडॉप्सिस थंड मुलखातले, डाळिंब उन्हाचे. तेथला आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. पण तिशीच्या आसपासची उष्णता आणि दमट हवा एकत्र आली की तेल्या उसळतो, हा अनुभव मृग बहार धरणाऱ्या प्रत्येकाला आहे. रोगट पट्ट्यात मृग सोडून हस्त किंवा आंबे बहार धरा, बहार संपल्यावर झाडाला तीन-चार महिने विश्रांती द्या, असे संशोधन केंद्र सांगते. या सल्ल्याकडे केवळ जिवाणू टाळण्याची युक्ती म्हणून पाहिले जाते. मला त्यात झाडाची बाजूही दिसते. फळांचे ओझे उतरल्यावर झाडाकडे साठा होतो आणि लढायला जे लागते ते याच साठ्यातून येते. वर्षाला दोन बहार ओढणाऱ्या बागेत फवारण्या वाढत जातात आणि रोग हटत नाही, हे अनेक गावांनी पाहिले आहे.

सॅलिसिलिक आम्लाच्या या कामाचा शोध लागला तो तंबाखूवर. फ्रँक रॉस यांनी १९६१ साली दाखवले की तंबाखूच्या एका पानाला विषाणूची लागण झाली की काही दिवसांनी त्याच रोपाची निरोगी पानेही रोगाला दाद देत नाहीत. १९७९ साली इंग्लंडमध्ये तंबाखूच्या पानात अ‍ॅस्पिरिन टोचून तसाच परिणाम मिळाला. १९९० साली झाडाच्या स्वतःच्या सॅलिसिलिक आम्लाचे काम स्पष्ट झाले. तंबाखूचा उल्लेख आला की मला म्हैसूर जिल्ह्यातले बेट्टदपुर आठवते. सिडिलु मल्लिकार्जुनाच्या डोंगराखालचे हे गाव पिरियापट्टण तालुक्यात आहे आणि हा सारा तालुका सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूचा. त्याच मातीत अलीकडे आले मोठ्या प्रमाणावर लावले जाते आणि जिवाणूजन्य मर रोगाने आल्याची शेतेच्या शेते बसतात. तो जिवाणू मुळातून शिरतो, पाणी वाहणाऱ्या नळ्या कोंडतो आणि रोप हिरवेपणीच मान टाकते. रालस्टोनिया हे त्याचे कुळ. तंबाखू, टोमॅटो, वांगी, केळी या सगळ्यांवर त्याचे प्रकार जगतात. ज्या पिकाने झाडाच्या प्रतिकाराचे गुपित जगाला सांगितले त्या पिकाच्या गावातला शेतकरीही जिवाणूपुढे तितकाच हतबल आहे जितका सांगोल्याचा. प्रयोगशाळेतले ज्ञान शेतापर्यंत पोहोचायला किती वेळ लागतो याची ही दोन टोके.

डाळिंब संशोधन केंद्राच्या तेल्या व्यवस्थापनात सॅलिसिलिक आम्लाच्या फवारणीला जागा आहे. त्यामागे वर सांगितलेलेच शास्त्र आहे. मात्र 'प्रतिकारशक्ती वाढवणारे' म्हणून दुकानात मिळणाऱ्या प्रत्येक बाटलीमागे ते असते असे नाही. बाटलीत काय आहे, किती आहे आणि कोणत्या अवस्थेत द्यायचे, हे लेबलावर नसेल तर ती घेऊ नये. शिवाय, फुलोऱ्यावर आणि फळवाढीच्या भरात असलेल्या झाडाला वारंवार लढाईचा निरोप देणे म्हणजे त्याच्या फळातला घास काढून घेणे आहे. हे दुकानदार सांगणार नाही, म्हणून इथे सांगतो.

प्रतिजैविकांचे तर आता वेगळेच झाले आहे. स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण आपल्या बागांनी वर्षानुवर्षे प्यायले. अमेरिकेत सफरचंद-नाशपातीच्या बागांत स्ट्रेप्टोमायसिनला न जुमानणारे जिवाणू १९७०च्या दशकातच आढळले होते. माणसाच्या क्षयरोगावर चालणारे औषध झाडांवर फवारावे का, हा प्रश्नही होताच. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने या मिश्रणाच्या शेतीतील वापरावर टप्प्याटप्प्याने बंदी आणण्याचे पाऊल उचलले. राहिले ते बोर्डो मिश्रण. ते १८८०च्या दशकात फ्रान्समध्ये द्राक्षासाठी जन्मले आणि आजही खरे उपयोगी आहे. पण ते पानाच्या बाहेरच काम करते. पानात शिरलेल्या जिवाणूशी झाडालाच झुंजावे लागते.

आणि हे झाड आपण कसे निवडले आहे? डॉ. चीमा यांनी पुण्याच्या गणेशखिंड बागेत १९३६ साली निवडलेला 'गणेश' हा मऊ दाण्याचा वाण पिढीभर चालला. मग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला 'भगवा' आला आणि रंग, चव, टिकाऊपणा यांमुळे त्याने जवळजवळ सारे क्षेत्र व्यापले. गुटी कलमाने वाढवलेला भगवा म्हणजे जनुकांच्या दृष्टीने एकच झाड लाखो ठिकाणी उभे आहे. एका झाडावर जमलेली जिवाणूची युक्ती सगळ्यांवर जमते. न्यूझीलंडने हे किवी फळात भोगले. २०१० सालच्या नोव्हेंबरात ते पुके येथे जिवाणूजन्य करपा आढळला आणि 'हॉर्ट १६ए' हा सोनेरी गराचा वाण पाहता पाहता संपला. उद्योग वाचला, कारण संशोधकांकडे अधिक तग धरणारा दुसरा सोनेरी वाण तयार होता आणि शेतकऱ्यांनी जुन्या खोडांवर त्याची कलमे बांधली. आपल्याकडे असा दुसरा वाण अजून हाताशी नाही. हिमालयातला रानटी आंबट 'दारू' आणि शोभेचा बुटका 'नाना' यांच्याकडे संशोधकांचे लक्ष आहे. केगावच्या 'सोलापूर लाल' या वाणात या दोघांचेही रक्त आले आहे, मात्र तो पुढे आला लोह, जस्त आणि क जीवनसत्त्व यांसाठी. तिकडे संत्रावर्गीय झाडांत खैऱ्याचा जिवाणू झाडाचे जे जनुक स्वतःसाठी चालू करतो त्या जनुकाची कळच बदलून २०१७ साली खैऱ्याला दाद न देणारी झाडे तयार झाली. जनुक-संपादनाचे काही प्रकार २०२२ साली भारतात परकीय जनुकांच्या कडक नियमांतून वगळले गेले आहेत. आता डाळिंबात नेमकी कोणती कळ बदलायची हे शोधायला माणसे आणि पैसा हवा. अरॅबिडॉप्सिसविषयी जगाला जेवढे ठाऊक आहे त्याचा शंभरावा भागही डाळिंबाविषयी ठाऊक नाही आणि हे काम परदेशातले कोणी आपल्यासाठी करणार नाही.

यात बागायतदारालाही करण्यासारखे एक काम आहे. 'गणेश' एका जाणत्या नजरेने आळंदीच्या जुन्या वाणातून वेचला होता. तेल्याने धुऊन काढलेल्या तुमच्या बागेत चारी बाजूंची झाडे काळी पडली असताना एखादे झाड दोन-तीन बहार स्वच्छ राहिले असेल, तर ते निव्वळ आडोशाने वाचले असण्याची शक्यता जास्त आहे. तरीही ते उपटू नका आणि त्याची कलमे लगेच विकूही नका. त्याला खूण बांधा, बहाराच्या तारखा लिहून ठेवा आणि केगावला किंवा राहुरीला कळवा.